विमाने पुन्हा थांबवावी लागली तर : केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
नागरी विमान वाहतूक मंत्रालय,
राजीव गांधी भवन, सफदरजंग विमानतळ, नवी दिल्ली.

विषय : देशव्यापी विमानबंदीच्या काळात प्रवासी आणि विमानतळ कामगारांसाठी लेखी कार्यपद्धती असण्याबाबत.

महोदय,

मी कुर्ला पूर्वेला नेहरूनगरमध्ये राहते. मुंबई विमानतळावर उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात, की फोनवर बोलताना मध्येच थांबून विमान जाऊ देण्याची सवय इथल्या लहान मुलांनाही लागलेली असते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये या विमानतळाने एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा हाताळली, तेव्हा पेपरांनी कौतुक केले आणि आम्ही कानात बोटे घातली. त्यामुळे २५ मार्च २०२० च्या सकाळी जी शांतता पसरली, ती आमच्या वस्तीला आधी सुखाची वाटली आणि दोन दिवसांत तिची भीती वाटू लागली.

आंतरराष्ट्रीय विमाने २२ मार्चपासून थांबली होती. देशांतर्गत विमाने मंगळवार, २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद होणार हे सोमवारी जाहीर झाले, म्हणजे लोकांच्या हाती जेमतेम दीड दिवस उरला. प्रवासी रेल्वेगाड्या रविवारीच थांबल्या होत्या. कोरोनाची साथ ज्या वेगाने पसरत होती तो पाहता बंदीचा निर्णय चुकला असे मी तेव्हा म्हटले नाही आणि आजही म्हणत नाही. माझी तक्रार निर्णयाबद्दल नाही, त्याच्या पुढच्या दोन महिन्यांबद्दल आहे.

माझ्याकडे २८ मार्चचे मुंबई-नागपूर तिकीट होते. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी रजा टाकली होती. तिकीट रद्द झाले, शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि ९ एप्रिलच्या पहाटे आई हृदयविकाराने गेली. ई-पास काढून रस्त्याने जावे, तर नागपूर आठशे किलोमीटरवर. समृद्धी महामार्ग तेव्हा व्हायचा होता. गाडीवाला मिळून मी पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता. अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा होती. आमच्याकडे सातच जमली. वहिनीने फोन उंच धरला होता. भावाने अग्नी दिला त्याच क्षणी चित्र गोठले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा सगळे घाटाच्या पायऱ्या चढून परत निघाले होते. त्याच दुपारी आमच्या डोक्यावरून एक विमान उतरल्याचे मला स्पष्ट आठवते.

विमाने पूर्णपणे थांबलेली नव्हतीच. मालवाहतूक चालू होती. २६ मार्चपासून ‘लाइफलाइन उडान’ या नावाने औषधे आणि वैद्यकीय साहित्य देशभर पोहोचवले जात होते आणि त्याबद्दल आपल्या मंत्रालयाचे आभार मानायलाच हवेत. त्या कामात एअर इंडिया आणि अलायन्स एअरची विमानेही होती. त्यांतील एखाद्या विमानात, घरात मृत्यू झालेल्या दोन-चार माणसांना जागा देता आली असती का, हा प्रश्न भावनेच्या भरात विचारलेला वाटेल. पण ७ मे रोजी परदेशात अडकलेल्यांना परत आणणारी ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली आणि अबुधाबीहून कोचीला, दुबईहून कोझिकोडला माणसे आणली गेली, तेव्हा प्राधान्यक्रम, तपासणी, विलगीकरण आणि भाडे या सगळ्यांचे नियम कागदावर तयार होते. त्या प्राधान्यक्रमात घरात मृत्यू झालेल्यांचाही विचार होता. समुद्रापलीकडून येणाऱ्याला जो नियम लिहिता आला, तो मुंबईहून नागपूरला जाणाऱ्यासाठी कोणी लिहायला घेतला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता पैशांचे. १६ एप्रिलला मंत्रालयाने विमान कंपन्यांना सूचना दिली, की टाळेबंदी लागल्यानंतर ज्यांनी आरक्षण केले त्यांना पूर्ण परतावा द्यावा. मी तिकीट ११ फेब्रुवारीला काढले होते. म्हणजे जिने वेळेवर नियोजन केले ती सूचनेबाहेर राहिली आणि बंदी लागू झाल्यावर ज्याने तिकीट काढले तो आत आला. मला कंपनीने ‘क्रेडिट शेल’ दिले, म्हणजे पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी स्वतःकडेच जमा ठेवले. शेल म्हणजे शिंपला, असे मी शाळेत मुलांना शिकवते. आतला जीव निघून गेला की उरते ते. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी या प्रकरणी निकाल दिला, आधी काढलेल्या तिकिटांचाही प्रश्न सोडवला, क्रेडिट शेलवर दरमहा अर्धा आणि पुढे पाऊण टक्का वाढ ठरवून दिली आणि ३१ मार्च २०२१ ची मुदत घातली. माझे पैसे त्यानंतर आले. दरम्यान जूनमध्ये मला नागपूरला जायचे होते तेव्हा त्या कंपनीचे विमान त्या दिवशी नव्हते, म्हणून दुसऱ्या कंपनीचे तिकीट मी नव्याने पैसे मोजून काढले.

आमच्याच इमारतीतला एक मुलगा तेव्हा एका कंत्राटदाराकडे लोडर होता. विमानाच्या पोटात वाकून बॅगा रचण्याचे काम. एप्रिलमध्ये मालवाहू विमानांसाठी त्याला चार-पाच वेळा बोलावले गेले. परत आला की जिन्यात लांब उभा राहून तो आम्हाला सांगायचा, की विमाने उभी करायच्या सगळ्या जागा भरल्यात, विमानांच्या इंजिनांच्या तोंडांना झाकणे लावलीत, वेग मोजणाऱ्या बारीक नळ्यांवर लाल फिती लोंबणाऱ्या टोप्या घातल्यात, कारण त्यांत गांधीलमाश्या घर करतात. चाकांचा एकच भाग वजनाखाली दबून चपटा होऊ नये म्हणून ठरावीक दिवसांनी विमान थोडे पुढे ओढून चाके फिरवतात, हेही त्यानेच सांगितले. कोणत्या दिवशी काय करायचे ते सगळे पुस्तकात लिहिलेले असते, असे तो मोठ्या अभिमानाने म्हणायचा. त्याचा पगार मात्र एप्रिलपासून बंद झाला. जूनमध्ये तो स्टेशनाबाहेर नारळ विकत होता. उभ्या विमानाने काय करायचे याचे पुस्तक आहे, आणि त्या विमानात बसणाऱ्यांनी व सामान चढवणाऱ्यांनी काय करायचे याचे पान त्यात नाही.

विमाने पुन्हा सुरू करतानाही तीच तऱ्हा झाली. २५ मेपासून उड्डाणे सुरू होणार हे २० मे रोजी जाहीर झाले, पण राज्यांशी बोलणी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. महाराष्ट्राने मुंबईसाठी दिवसाला २५ उड्डाणे आणि २५ आगमने मान्य केली ती २४ मे रोजी, म्हणजे आदल्या दिवशी. पहिल्या दिवशी देशात ५३२ विमाने उडाली आणि ३९,२३१ प्रवासी गेले, हा आकडा तेव्हाच्या मंत्र्यांनी सांगितला. आपले विमान रद्द झाल्याचे विमानतळाच्या दारात कळलेल्यांची मोजणी त्यात अर्थातच नव्हती. याच मंत्रालयाने प्रवासवेळेनुसार भाड्याचे सात टप्पे मात्र काही दिवसांत ठरवले आणि दिल्ली-मुंबईसाठी किमान ३,५०० व कमाल १०,००० रुपये अशी मर्यादा घातली. नियम लवकर लिहिता येतात, हे त्यावरून दिसलेच.

म्हणून माझी विनंती अशी, की पुन्हा देशभर विमाने थांबवण्याची वेळ आली, मग कारण साथ असो, युद्ध असो वा आणखी काही, तर आरक्षणाची तारीख न पाहता रोख परतावा किती दिवसांत मिळेल, मृत्यू व गंभीर आजारपणासाठी चालू विमानांतून जाण्याची परवानगी कोण आणि किती तासांत देईल, कंत्राटी कामगारांच्या वेतनाची जबाबदारी कोणावर राहील आणि पुन्हा सुरुवात करण्याआधी राज्यांची संमती किती दिवस आधी घ्यायची, हे आपण आत्ताच, सगळे सुरळीत असताना, लिहून ठेवावे. मसुदा मराठीसह सर्व भारतीय भाषांत लोकांसमोर ठेवावा. इंग्रजी पत्रकाच्या तळटिपांतून आपला हक्क शोधण्याइतकी उसंत घरात मयत झालेल्या माणसाला नसते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी नागपूरला उतरले. डाव्या हातावर चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा शिक्का मारला गेला. भावाने अस्थिकलश अंगणातल्या कडुलिंबाला बांधून ठेवला होता. शिक्क्याची मुदत संपेपर्यंत मी तो खिडकीतून पाहत राहिले आणि मग आम्ही रामटेकच्या अंबाळा तलावावर गेलो. २८ मार्चच्या त्या तिकिटाची छापील प्रत माझ्याकडे आहे. आपल्या कार्यालयाने मागितल्यास जोडपत्र म्हणून पाठवीन.

आपली,
एक शिक्षिका आणि प्रवासी,
नेहरूनगर, कुर्ला (पूर्व), मुंबई.