दाते 20 की 24?

मा. संपादक,

हल्ली जो तो सांगतो छोटी कामं घरीच करा, प्लंबर कशाला, म्हणून मी पण रविवारी शॉवरचा कॉक उघडायला घेतला. रात्री खाली ठेवलेली बादली सकाळपर्यंत अर्धी भरत होती. वॉशर गेला असेल, पाच-दहा रुपयांचं काम, असा आपला हिशोब.

पहिली गंमत गच्चीवर. सहा व्हॉल्व्ह ओळीत, एकावरही खूण नाही, एकेक बंद करायचा आणि डक्टमधून खाली ओरडून बायकोला विचारायचं, 'थांबलं का?' आमचा सापडला तर चाक नुसतं गरागरा फिरतंय, आतली पाती क्षार धरून जागच्या जागी. शेवटी टाकीत हात घालून पाइपच्या तोंडात फडकं कोंबलं.

मूठ काढली, पान्याने स्पिंडल (मुठीखालचा, पाणी चालू-बंद करणारा आतला भाग) सोडवला, तर वॉशर नाहीच! आत सिरॅमिकच्या दोन चकत्या, एकीवर वाळूच्या कणाने गेलेला केसाएवढा ओरखडा. यात वॉशर-बिशर नसतो, अख्खा स्पिंडलच बदलायचा. मग तीन दुकानं. एक म्हणतो मॉडेल नंबर सांगा, तो कुठेच कोरलेला नाही. दुसऱ्याने दिला तो आट्यात बसला पण मूठ बसेना, मूठ अडकते त्या टोकावरचे दाते मोजले तर आमच्याला 20 आणि त्याच्याला 24. तिसरा म्हणे, साहेब ती सिरीज बंद झाली, कॉकच नवा घ्या. अहो, कॉकची बॉडी भिंतीत, टाइलच्या मागे! म्हणजे केसाएवढ्या ओरखड्यासाठी भिंत फोडायची, आणि 2011 सालची टाइल परत आणायची कुठून?

नळाचा आटा अर्धा इंची ठरलेला आहे म्हणून कुठल्याही कंपनीचा नळ कुठल्याही एल्बोत बसतो, मग आतल्या स्पिंडलला काय धाड भरलीय? सगळ्यांनी एकच माप ठेवा, ते जमत नसेल तर निदान नंबर तरी कोरा. आणि बिल्डरने चावीबरोबर घरात कुठला कॉक बसवलाय त्याचा कागद द्यावा, गच्चीवरच्या व्हॉल्व्हना रंगाचा एक ठिपका मारावा, एवढा काही खर्च येत नाही (एंट्रन्सला संगमरवर लावायला बरे पैसे असतात).

सध्या ते 24 दात्यांचं स्पिंडल बसवलंय आणि मुठीऐवजी पकडीने शॉवर चालू-बंद करतोय. पकड साबणदाणीत असते. कोणा वाचकाच्या अडगळीत 20 दात्यांचं जुनं स्पिंडल पडलं असेल तर कृपया पत्रातून कळवावं, पण आधी दाते मोजून.

– एक वाचक, पुणे