रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाहीत म्हणून

बंदूकवाले आजोबा, साष्टांग नमस्कार.

हे नाव माझ्या बायकोनं ठेवलंय, तुमची परवानगी न घेता. तुम्हाला हे पत्र वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. ओहायोतल्या त्या मक्याच्या शेतांमधल्या गावात तुमच्या दुकानापासून वीस मैलांत मराठी वाचणारं आमच्या घराबाहेर कुणी असेल, असं वाटत नाही. इंग्रजीतलं चार ओळींचं कार्ड तुम्हाला दिलंच आहे. पण इथं 'थँक यू' मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. पेट्रोल भरलं की थँक यू, कुणी दार धरलं की थँक यू. तुमचं देणं त्या दोन शब्दांत मावेना. शिवाय आमच्या लोकांना तुमच्याबद्दल सांगायचंही होतं. म्हणून हे उघड पत्र.

आमच्या लोकांसाठी आधी थोडं. इथं सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम नावाची एक संस्था आहे. मुळं 1903 सालातली. सामान्य नागरिकाला नेमबाजी नीट यावी, हा हेतू. पूर्वी हे काम लष्कराचंच होतं. 1996 मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून ते एका ना-नफा महामंडळाकडे सोपवलं. लष्कराच्या गोदामातल्या जुन्या रायफली ही संस्था नेमबाजांना विकते आणि त्या पैशांवर स्पर्धा, मुलांची शिबिरं चालवते. पिस्तुलं मात्र कुलपातच पडून होती. पॉइंट पंचेचाळीसचं एम 1911, जॉन ब्राउनिंग या माणसानं घडवलेलं, 1911 ते 1985 अमेरिकी सैन्याच्या कमरेला असलेलं. अशी लाखभर पिस्तुलं अलाबामात ठेवून होती आणि दर पिस्तुलामागे वर्षाला दोन डॉलर नुसते सांभाळायला जात होते, असं तिथल्याच खासदारानं सांगितलं होतं. शेवटी कायदा बदलला, वर्षाला दहा हजारांच्या वर द्यायची नाहीत असं ठरलं, आणि 2018 च्या 4 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरपर्यंत टपालानं अर्ज मागवले. अर्जांना यंत्रानं सोडतीसारखे नंबर दिले जाणार. तुमचा नंबर आला की फोन येणार.

मला ते का हवं होतं? हा प्रश्न साताऱ्याहून व्हॉट्सॲपवर निदान पाच नातेवाइकांनी विचारला. बायको तर अजूनही विचारते, आणि या देशात रोज जे कानावर येतं ते ऐकून तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पिस्तूल तिजोरीत आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. पण माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. डिसेंबर 1944 मध्ये त्यांची आठवी इंडियन डिव्हिजन इटलीत सेर्कियोच्या खोऱ्यात अमेरिकेच्या 92 व्या डिव्हिजनच्या मदतीला धावली होती. बर्फ, चिखल आणि पहिल्यांदाच पाहिलेले काळे अमेरिकन सैनिक. आजोबांच्या गोष्टींत नेहमी एक अमेरिकन यायचा, त्याच्या कमरेला 'हे एवढं, नांगराच्या फाळासारखं' पिस्तूल असायचं, आणि त्यानं आजोबांना ते एकदा हातात धरू दिलं होतं. गोष्ट तेवढीच. आम्ही ती शंभर वेळा ऐकली. आणि दर वेळी आजोबा हाताचा पंजा पुढं करून वजन दाखवायचे, जणू ते अजून हातातच आहे.

तर 2018. ऑगस्टात राही सरनोबतनं एशियाडमध्ये पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं होतं, आमच्या शेजारच्या कोल्हापूरची पोरगी, आणि मी भलताच फुशारलो होतो. रायफल घरपोच येऊ शकते, पण पिस्तूल परवानाधारक दुकानातूनच हातात मिळतं. म्हणून हायवेवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतीवर हरणांची मुंडकी, काउंटरमागे तिशीतला एक गृहस्थ. अर्जाला जोडायला त्यांच्या परवान्याची सही केलेली प्रत हवी, एवढंच मागणं. 'पुढच्या आठवड्यात या.' गेलो. 'साहेब नाहीत.' पुन्हा गेलो. तिसऱ्या वेळी त्यानं मान वर न करता विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, आणि तुम्हाला हे कशाला हवं? मी आजोबांची गोष्ट सुरू केली. त्यानं ती अर्ध्यात तोडली. चौथ्या वेळी सांगितलं की असले व्यवहार आम्ही करतच नाही. तारीख होती 2 ऑक्टोबर. घरी येऊन सांगितल्यावर बायको म्हणाली, 'बापूंनीच अडवलं, बरं झालं.' मी हसलो, पण रात्री झोप लागली नाही. नकाराचं काही नाही हो. पहिल्याच दिवशी दिला असता तर दुसरं दुकान शोधलं असतं. महिनाभर झुलवलं, आणि त्या एका प्रश्नानंतर आपण गिऱ्हाईक आहोत की संशयित, हे मला कळेनासं झालं.

माझ्याकडे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आहे. त्यावर छापलंय की या कागदाची नक्कल करणं गुन्हा आहे. आणि इथं ज्याला त्याला त्याचीच झेरॉक्स हवी असते! ती गंमत पूर्वी मी पार्ट्यांत सांगायचो. त्या ऑक्टोबरनंतर सांगायचा थांबलो.

दुसरी फेरी 2021 च्या जानेवारीत उघडली. तुमचं नाव मला क्लबातल्या एका नेमबाजानं सांगितलं. 'म्हातारा कमी बोलतो, पण सैन्यात असताना त्यानं हीच पिस्तुलं दुरुस्त केलीत.' तुम्ही परवान्याची प्रत काढलीत, सही केलीत आणि माझ्यापुढे सरकवलीत. दोन मिनिटं लागली असतील. मी खिशात आजोबांच्या गोष्टीची तयारी करून आलो होतो, पुराव्याला फोटोसुद्धा होता. तुम्ही विचारलंच नाहीत. मला चक्क चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढचं कागदी काम सोडून देतो. फोन आला, पिस्तूल निघालं, आणि ऑक्टोबरात, दसरा तोंडावर असताना, तुम्ही निरोप दिलात की खोकं आलंय.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं. तुम्ही काउंटरवर जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचा तुकडा अंथरलात. खोकं माझ्यासमोर उघडलंत. मॅगझिन काढलंत, स्लाइड मागे ओढून अडकवलीत, आत करंगळी घालून चाचपलंत, मग तोंड भिंतीकडे करून मूठ माझ्याकडे दिलीत. खंडेनवमीला आमचे आजोबा तलवार अशीच द्यायचे, पातं स्वतःकडे ठेवून. पिस्तूल जड होतं. हाताचा पंजा आपोआप पुढं झाला आणि वजनानं थोडा खाली गेला. आजोबांचा व्हायचा तसाच.

मग फॉर्म, मग सरकारी तपासणी. संस्थेनं माझी तपासणी आधीच केली होती, तरी दुकानात पुन्हा करावी लागते. उत्तर आलं: डिलेड. म्हणजे नाही असं नाही, पण आज नाही. माझ्या नावासारखं दुसरं नाव असेल, स्पेलिंग असेल, देव जाणे. माझे कान तापले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यातला एक वळून बघत होता. हायवेवरच्या त्या माणसाचा आवाज मला पुन्हा ऐकू आला. मी म्हणालो, 'ठीक आहे, मी येतो नंतर,' आणि चावी काढून वळलोसुद्धा.

तुम्ही म्हणालात, 'थांबा.'

खोक्यातला खाकी कागद फाडलात. कानावरची सुताराची चपटी पेन्सिल घेतलीत. पिस्तूल पुन्हा फ्लॅनेलवर आडवं ठेवून स्लाइडवर तो कागद धरलात, आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासायला लागलात. लहानपणी आम्ही वहीच्या पानाखाली नाणं ठेवून असंच करायचो. दहा पैशाची कंगोऱ्याची कड, तीन सिंह. तुमचा हात थरथरत होता, पण पेन्सिल नाही. करड्या रंगातून अक्षरं वर आली: रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क. मग पिस्तूल उलटवून दुसरी बाजू: युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी. 'नंबर घेऊ?' असं विचारलंत, मी मान हलवली, मग नंबरही. खालच्या कोपऱ्यात आर आय ए ही तीन पुसट अक्षरं उमटली तेव्हा पहिल्यांदाच तुम्ही हसलात. म्हणालात, हे रॉक आयलंडच्या शस्त्रागारात पुन्हा बांधलंय. सांगाडा रेमिंग्टनचा असला तरी नळी भलत्याच कुणाची असेल. त्या काळी ढिगातून जो भाग हाती लागेल तो बसवायचे. एकाही पिस्तुलाचं सगळं स्वतःचं नसतं.

कागदाला घडी घालू नका असं बजावून तो दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलात आणि माझ्या हातात दिलात. 'रिकाम्या हातानं घरी जायचं नाही.'

तुम्ही ते इंग्रजीतच म्हणालात. पण मला ते माझ्या आजीच्या आवाजात ऐकू आलं. आमच्या दारातून कुणी काही न घेता गेलेलं तिला चालायचं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी हातावर ठेवायची. ती परंपरा ओहायोतल्या बंदुकीच्या दुकानात आपली वाट बघत असेल, असं कोणाला वाटलं असतं?

गाडीत बसून मी तो कागद नीट पाहिला, आणि मग रडलो. हे कुणाला सांगितलेलं नाही. रेमिंग्टन हे नाव तुमच्या मते बंदुकीचं असेल. आमच्या घरात ते टाइपरायटरचं आहे. माझे वडील साताऱ्यात कोर्टाबाहेर टंकलेखक होते. झाडाखाली टेबल, त्यावर देवनागरी रेमिंग्टन, आणि समोर अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसांची रांग. आजही मराठी टंकलेखनात 'रेमिंग्टन' कळफलक म्हणतात. महायुद्धात त्याच टाइपरायटरवाल्या कंपनीनं सिरॅक्यूजच्या कारखान्यात साडेआठ लाखांहून अधिक पिस्तुलं बनवली, हे मी कुठंतरी वाचलं होतं, पण ते वाचलेलंच होतं. तुमच्या पेन्सिलीखाली ते अक्षर अक्षर करून वर आलं तेव्हा आजोबा आणि बाबा एकाच कागदावर बसले. आणि बाबांबद्दल तर मी तुम्हाला चकार शब्दही बोललो नव्हतो.

मध्येच कोलंबस डेची सुट्टी आली. इंडियाला निघालेल्या त्या कोलंबसानं एका इंडियनचा आणखी एक दिवस खाल्ला. बुधवारी तुमचा फोन आला, एकाच वाक्याचा: 'तुमचं झालं, घेऊन जा.' वीस डॉलर फी घेतलीत, एक सेंट कमी नाही. मला ते फार आवडलं. दया दाखवून पैसे सोडले असतेत, तर मी पुन्हा गिऱ्हाइकाचा याचक झालो असतो.

मला भेटलेली चांगली माणसं बहुतेक अशीच, कमी बोलणारी. कॉलेजात असताना एसटीचा एक कंडक्टर माझ्याकडे सुटे नाहीत म्हणून 'उद्या दे' म्हणाला आणि पुढचे आठ दिवस त्यानं ते मागितलेच नाहीत. पुण्यात एका घरमालकीणबाईंनी भाड्याच्या पावतीमागे खिचडीची कृती लिहून दिली होती, कारण मी आजारी होतो. अशा माणसांना आपण काही मोठं केलंय हे माहीतच नसतं. तुम्हालाही नसणार. हे कुणी इंग्रजीत करून दाखवलं तर तुम्ही भुवया वर कराल आणि म्हणाल, एवढ्याशा कागदाचं एवढं काय. हायवेवरच्या त्या माणसालाही बहुधा माहीत नाही की त्यानं काय केलं. त्याच्यासाठी तो एक कंटाळवाणा मंगळवार होता.

दसऱ्याला आपट्याची पानं इथं कुठून मिळणार. अंगणातल्या मेपलची घेतली. पाटावर पिस्तूल ठेवायला बायको तयार नव्हती, मीही हट्ट केला नाही. तुमचा कागद ठेवला. शेजारी आजोबांचं पदक आणि बाबांच्या मशीनची उरलेली एक कळ, 'क्ष'ची. झेंडूची दोन फुलं वाहिली. माझ्या मुलीनं नंतर कुणाचं लक्ष नसताना त्या कागदावर जांभळ्या खडूनं सिंह काढला. आधी मी ओरडणार होतो. मग राहू दिला. सिंह बरा जमलाय.

या पत्राबरोबर तुमच्यासाठी दोन पुठ्ठ्यांत एक कागद ठेवलाय. आजोबांच्या पदकावर धरून पेन्सिलीनं घासलाय. सहा टोकांचा तारा दिसेल, मधोमध मुकुटाखाली राजाची आद्याक्षरं, भोवती 'द इटली स्टार'. एक टोक नीट उमटलेलं नाही, कारण ते मुळातच झिजलेलं आहे. आजोबा बोलता बोलता त्यावरून अंगठा फिरवायचे. पेन्सिल सुताराचीच वापरली, पण माझा हात तुमच्याइतका हलका नाही. घडी घालू नका.