नुसत्या पाण्यावर भागवू नकोस

प्रिय वैशू,

तुझं पत्र मिळाल्यापासून मनात तोच विषय घोळतोय. शोग्रेन या डोळे आणि तोंड कोरडं पाडणाऱ्या आजाराचं निदान झालं, डोळ्यांसाठी थेंब मिळाले, सांध्यांसाठी गोळी मिळाली. तोंडाच्या कोरडीवर मात्र "पाणी पीत राहा" एवढंच सांगितलं गेलं. दातांची डॉक्टर म्हणून आणि त्याहून जास्त तुझी मैत्रीण म्हणून सांगते, एवढ्यावर थांबू नकोस.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे गं. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातल्या बुळबुळीत द्रवामुळे घास सरकतो, क्षारांमुळे आम्ल मरतं, कॅल्शियममुळे दातांची बारीक झीज भरून निघते, जंतूही आटोक्यात राहतात. तुझ्या आजारात शरीराच्याच संरक्षक पेशी लाळग्रंथींवर उलटतात आणि हे सगळं एकदम आटतं. सारखं पाणी पीत राहिलीस तर उरलीसुरली दाट लाळही धुऊन जाते, शिवाय रात्री उठून उठून झोपेचं खोबरं. छोटा घोट घे, तोंडात घोळव, मग गिळ.

अशा रुग्णांना तपासताना माझा छोटा आरसा गालाला आतून चिकटून बसतो, हलकेच सोडवावा लागतो. जीभ लाल, गुळगुळीत, मधे चिरा पडलेली. आणि कीड लागलेली असते ती दाताच्या मुळाशी, हिरडीलगत. तीही मन लावून दात घासणाऱ्यांना. मला तुझ्यासाठी खरी भीती आहे ती याची. म्हणून कुठलाही दात दुखायची वाट न बघता दंतवैद्याकडे जा आणि आजाराचं नाव सांग. साध्या टूथपेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग) फ्लोराइड असतं. तुझ्यासारख्यांना ५००० पीपीएमची पेस्ट चिठ्ठीवर लिहून देता येते. रात्री तिने घासल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. दातांवर फ्लोराइडचा लेपही ते ठरावीक महिन्यांनी लावतील. आंबट गोळ्या चघळू नकोस. त्यांनी लाळ सुटते खरी, पण दाताचं कवच त्या आम्लात विरघळतं. झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोडव्याचं, बिनसाखरेचं च्युइंगम चांगलं. अल्कोहोलवाला माउथवॉश बंद.

आता औषधाचं. पायलोकार्पिन आणि सेव्हिमेलीन या गोळ्या ग्रंथींना चेतवून लाळ सोडायला लावतात. अर्थात ग्रंथीत थोडाफार जीव उरला असेल तरच, म्हणून हा विषय लवकर काढ. पायलोकार्पिन सहसा ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा देतात. घाम खूप येतो, लघवीला सारखं जावं लागतं. काही जणी त्यालाच कंटाळून सोडतात. दमा आटोक्यात नसेल किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ही औषधं चालत नाहीत, ते डॉक्टरांना आधी सांग. मूळ आजार यांनी बरा होत नाही, पण घास सुखाने गिळता येणं ही काही लहान गोष्ट नाही. गोळ्या सोसल्या नाहीत तर कृत्रिम लाळेचा फवारा किंवा जेल असतं. झोपताना जेलच बरं, जास्त वेळ टिकतं.

ओठांचे कोपरे फाटलेत आणि तिखट नसलेलंही झोंबतं असं लिहिलं आहेस. ही बुरशी असू शकते, नुसती कोरड समजून सोडू नकोस. बुरशीवरच्या औषधाने ते बरं होतं. आणि कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी आलेली सूज उतरलीच नाही, तर लगेच दाखव. या आजारात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून तिथे दिरंगाई नको.

अ‍ॅलर्जीची गोळी रोज घेतेस हे तू ओझरतं लिहिलंस, माझी नजर नेमकी तिथेच अडकली. अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या, मूत्राशयाच्या कित्येक गोळ्या तोंड आणखी कोरडं करतात. मनाने काही बंद करू नकोस, पण पर्याय आहे का ते विचार. सगळ्या गोळ्यांची नावं मला लिहून पाठव, डॉक्टरांकडे जाण्याआधी आपण फोनवर बसून यादी करू.

तुझीच,
मीना