रोज एक स्तोत्र, तिघांनी मिळून

भांडुप, मुंबई

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली की, हल्ली प्रार्थनेला बसले की मन लागत नाही, देवापुढे तक्रारच तोंडात येते, आणि बाबांच्या डोळ्यांमुळे संध्याकाळचे शास्त्रवाचनही मागे पडले आहे. त्यावर घाईघाईत काहीतरी बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले. आईने हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवावे.

आई, तुझ्या तक्रारीपासूनच सुरुवात करते, कारण तुला जो दोष वाटतो तो मला प्रार्थनेचाच एक जुना प्रकार वाटतो. काही महिन्यांपासून मी पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहिता क्रमाने वाचत आहे, दिवसाला एकच स्तोत्र, आणि या 150 स्तोत्रांमध्ये स्तुतीच्या बरोबरीने गाऱ्हाणेही किती आहे, हे सावकाश वाचताना जाणवते. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला सरळ विचारतो की, तू मला कुठवर विसरणार आहेस. अवघ्या सहा वचनांचे ते स्तोत्र शेवटी गाण्याकडे वळते खरे, पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तेवढाही दिलासा नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात राहिले, आणि त्याच्या शीर्षकातच ते मुख्य गवयासाठी असल्याचे लिहिले आहे. म्हणजे ते दुःख एकट्याने गिळून टाकायचे नव्हते, ते गायचे होते. तेव्हा तक्रार तोंडी आली म्हणून प्रार्थना बिघडली असे मानू नकोस. तुझ्या गुडघेदुखीचे आणि बाबांच्या काळजीचे गाऱ्हाणे तू देवाकडेच नेतेस, शेजारणीकडे नाही, यात मला तुझा विश्वासच दिसतो.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. शास्त्रातला दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करत असे. माझ्याकडून दोनदा होते, पहाटे नळाला पाणी येण्याआधी आणि रात्री भांडी आवरल्यावर. मन लागो न लागो, वेळ चुकवायची नाही, एवढाच नेम मी ठेवला आहे. मन लागण्याची वाट पाहून मग प्रार्थनेला बसावे, हा विचार मला तरी पटत नाही.

आता बाबांचे. तुमच्या डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नाही म्हणून शास्त्र तुमच्यापासून दूर गेले, असे तुम्ही मनात धरू नका. स्तोत्रे मुळात गाण्यासाठीच रचली गेली, आणि गाणाऱ्याला ती पाठ असली म्हणजे पुस्तक उघडावे लागत नाही. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री प्रार्थना करत देवाची गीते गात होते; त्यांच्यासमोर कोणती पोथी असणार? तुम्ही तर गेली कित्येक वर्षे मंडळीत पेटीवर बसत आला आहात. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातील ना. वा. टिळकांची भजने तुम्हाला अजून शब्दन्‌शब्द येतात. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडले नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात आणि ओवीत मांडली, म्हणूनच ती आपल्या पेटी-तबल्यावर इतकी सहज बसते. सकाळच्या गाडीत कधी कधी शेजारच्या डब्यातून टाळांसह तुकोबांचे अभंग ऐकू येतात, तेव्हा मला हटकून तुमचीच आठवण येते. (त्या मंडळींचा ताल मात्र घाटकोपरच्या गर्दीत हमखास चढतो, ते तुम्हाला सहन झाले नसते.)

माझा अनुभव असा आहे की, वाचलेले वचन संध्याकाळपर्यंत पुसट होते, गायलेले मात्र दिवसभर सोबत राहते. कार्यालयात कुणी वाकडे बोलले की, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ही ओळ लहानपणी तुम्ही बसवलेल्या चालीसकट आठवते, आणि उत्तर देण्याआधी मी क्षणभर थांबते. देव जवळ आहे असे जे मला अलीकडे वाटू लागले आहे, ते अशाच थांबण्यात अधिक वाटते, मोठ्या सभांमध्ये तितकेसे नाही.

म्हणून एक सुचवते. रोज रात्री नऊ वाजता मी फोन करीन. आई एक स्तोत्र वाचील, बाबा त्यातील एखादे वचन गातील आणि प्रार्थना मी करीन. आरंभ एकाहत्तराव्या स्तोत्राने करावा, अशी माझी इच्छा आहे. ते म्हातारपणाचेच स्तोत्र आहे: शक्ती खचत असताना मला सोडू नकोस, केस पिकले तरी टाकू नकोस, म्हणजे तुझे सामर्थ्य मी पुढच्या पिढीला सांगेन, अशी विनवणी करणारा तो भक्त शेवटी वीणा हाती घेऊन गाण्याचा शब्द देतो. त्या पुढच्या पिढीत मीही आले आणि तुमचा नातूही आला, तेव्हा ऐकणारे दोघे तुम्हाला इथे ठरलेलेच आहेत.

येत्या शनिवारी मी नगरला येत आहे. मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र बरोबर आणीन, आईलाही चश्मा सारखा पुसावा लागणार नाही. पेटीचा जो सूर दाबला की वर येत नाही, तो तोपर्यंत दुरुस्त करून घ्या. आणि बाबा, एकाहत्तराव्या स्तोत्राला चाल तुम्हीच लावा. नऊची वेळ आहे, तेव्हा भैरवी नको, यमन घ्या.

तुमची,
लेक