मंग्या, ओमेगा घड्याळाचे पैसे द्यायच्या आधी हे वाच

प्रिय मंग्या,

तू पाठवलेले फोटो काल रात्री तीनदा झूम करून बघितले, लाइट गेलेली होती आणि मोबाईलची उरलेली बॅटरी त्यातच संपवली. ओमेगा सीमास्टर, साठच्या दशकातलं, ऑटोमॅटिक (म्हणजे हाताच्या हालचालीवर आपोआप चावी बसणारं), विकणारा म्हणतो आजोबांचं आहे, गुहागरच्या घरी कपाटात पडून होतं. आणि डायल पांढरीशुभ्र, एक डाग नाही. तिथेच मनात पाल चुकचुकली रे. आपल्याकडे दाराची नवी कडी चार पावसाळ्यांत गंज धरते, आणि साठ वर्षं खारी हवा खाल्लेलं घड्याळ कोऱ्या ताटलीसारखं?

तुला सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणून, पण गेल्या वर्षी मी पण असंच एक घेतलं. मुंबईतल्या एका जुन्या घड्याळवाल्याकडून, ३८ हजार मोजून (घरी १२ सांगितलेत, तू गप्प बस). सेकंदकाटा उडी न मारता सरकत जायचा, त्यावरच मी खूश. आता कळतंय की त्यातून फार तर ते सेलवरचं नाही एवढंच समजतं, नकली ऑटोमॅटिकचा काटाही तसाच सरकतो.

मग इथे मारुती आळीच्या बाजूला एक काका बसतात, मांडीएवढं टेबल आणि एक दिवा, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी आधी घड्याळ कानाला लावलं, मग भिंग चढवून काच तिरकी धरली. ओमेगाच्या जुन्या प्लास्टिकच्या काचेत बरोब्बर मधोमध कंपनीचं चिन्ह कोरलेलं असतं, इतकं बारीक की साध्या डोळ्याला धुळीचा कण वाटावा. माझ्या काचेत नव्हतं. मी गार. काका म्हणाले, काच बदललेली असेल, त्यावरून काही ठरत नाही, थांब जरा. मागचं झाकण उघडलं तर आतलं मशीन लालसर, चिंच लावून घासलेल्या तांब्याचा रंग असतो ना तस्सं. त्यावर ५६५ हा मशीनचा प्रकार लिहिलेला, २४ ज्वेल्स (आतले बारीक खडे), आणि २४ ने सुरू होणारा आठ आकडी नंबर, म्हणजे साधारण १९६६-६७ चं. मी म्हटलं चला, सुटलो.

काका हसले आणि भिंग माझ्या हातात दिलं, आता डायल बघ म्हणाले. चारच्या पट्टीपासून मिनिटाची रेघ केसभर बाजूला सरकलेली. सीमास्टरमधल्या एसची शेपटी जाड, हात थरथरत काढल्यासारखी. खाली सहाच्या दोन बाजूंना स्विस आणि मेड लिहिलेलं असतं ते एका अंगाला कललेलं. रंग परत मारलेला होता रे, आणि बाजूची फिरवायची चावी दुसऱ्याच कुठल्यातरी घड्याळाची. दशावतारातल्या राजासारखी गत, आतला माणूस खरा, तोंडावरचा रंग आज संध्याकाळचा. असल्या रंगवलेल्या घड्याळांना बाहेरचे शौकीन लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ऐकून रागही आला आणि हसूही.

म्हणून त्या माणसाला नुसतं ओरिजिनल आहे का विचारून उपयोग नाही, तो हो म्हणेल आणि अर्धं खरंही असेल. डायल, काटे, चावी, मशीन, एकेक सुटं विचार आणि भाव त्या हिशोबाने कर. डबा आणि कागद दाखवले तर भुलू नको, रिकामे डबे वेगळे विकत मिळतात, कागदावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळला तरच तो कागद.

अजून एक, हे माझ्याही डोक्यात नव्हतं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं तेव्हा काकांकडे पिशव्या भरभरून घड्याळं आलेली. त्यातली किती पॉलिश होऊन कुठे गेली देव जाणे. तेव्हा झाकण उघडलं की स्क्रूच्या खाचेत गंज आणि फिरणाऱ्या रोटरखाली (हाताबरोबर हलून चावी देणारी ती अर्धगोल चकती) चिखलाची पुटं आहेत का ते बघायचंच.

आणि तुझ्या मेव्हण्याचा तो रोलेक्स सबमरीनर, मागून काचेतून मशीन दिसतं म्हणालास ना? त्याला काही बोलू नको, वाईट वाटेल. कंपनीने सबमरीनरला मागे काच कधी लावलेलीच नाही.

आता तुझा विकणारा म्हणतोय झाकण उघडलं तर वॉटरप्रूफ जाईल. अरे साठ वर्षांत आतलं रबर कधीच कडक झालं असणार, कसलं वॉटरप्रूफ. त्याला सरळ विचार, माझ्यासमोर उघडणार का. हो म्हणाला तर शुक्रवारी रात्री तुतारी एक्सप्रेस पकड आणि त्यालाही गुहागरहून इकडे बोलाव, शनिवारी सकाळी काकांकडे बसू, दुपारी ते जेवून झोपतात म्हणून दहाच्या आत. नाही म्हणाला तरी ये, आई घावणे करते म्हणालीय.

तुझाच,
बाळ्या