दादा, त्या अंगठ्यासाठी

दादा,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. वाचाल तेव्हा ओळखालच. पत्र उघड लिहितेय, कारण हे तुमच्याएवढंच आमच्या भागातल्या कटर, म्हणजे झाडं कापायचं चेनचं मशीन, चालवणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आयांनीही वाचावं.

गेल्या महिन्यात माझा मुलगा शेजारच्या वाडीत आडव्या झालेल्या फणसाच्या फांद्या साफ करत होता. खोडापलीकडे पाल्यात एक फांदी लपली होती. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीच्या, टोकाची वरची कड तिला लागली आणि मशीननं किक मारली. बार उसळून सरळ वर, त्याच्याच दिशेनं आला. त्याला काही समजायच्या आत डावं मनगट हँडलपुढच्या गार्डवर आदळलं, गार्ड ढकलला जाऊन ब्रेक लागला, चेन जागच्या जागी थांबली. तो मशीनच्या रेषेत नव्हता, डावीकडे सरकून उभा होता, म्हणून बार चेहऱ्यावर न येता उजव्या कानाच्या बाजूनं वर गेला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. रात्री जेवताना त्यानं हे सगळं सांगितलं आणि डावा हात पुढे करून म्हणाला, "अंगठा खालून होता, आई."

दादा, मला पुढचा घास गिळवेना.

तुम्हाला आठवत असेल नसेल, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या काही तासांत आमच्या श्रीवर्धनच्या वाड्या झोपल्या. आजेसासऱ्यांनी लावलेल्या सुपाऱ्या एकमेकींवर आडव्या, त्यांच्यावर माड, माडांवर आंबा. रस्ता दिसेना, विहीर दिसेना. टाळेबंदी चालू, वीज नाही, मजूर नाहीत. ज्याला त्याला कटर हवा होता. माझ्या मुलानंही तेव्हाच मशीन घेतलं आणि पुढे तेच त्याचं काम झालं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा तर त्याला सगळीकडून बोलावणी येत होती.

ज्यानं मशीन विकलं त्यानं पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं ते सांगितलं, दोरी ओढून दाखवली आणि पैसे मोजून घेतले. एवढंच. हेल्मेट, जाळी, पायावर घालायचं जाड कापड असं काही असतं, हे त्याच्या तोंडून निघालं नाही. ज्या ठेकेदाराकडे पोरगा पहिल्यांदा गेला तो तर म्हणाला, पुढचा गार्ड काढून टाक, फांद्यांत अडकतो, काम हळू होतं. धार लावून देणाऱ्यानं चेनच्या दातांपुढचे उंचवटे घासून सपाट करून दिले, मशीन आता लोण्यासारखं चालेल म्हणाला. तो उंचवटा दाताला लाकडात किती शिरू द्यायचं ते ठरवतो आणि तो घासला की दात खोल रुततो, मशीन जास्त किक मारतं, हे आम्हाला तुम्ही सांगितलंत. त्या माणसाचा तो रोजचा धंदा होता, त्याला हे माहीत नसेल असं मी मानत नाही. एकदा प्रशिक्षण म्हणून काही लोक गावात आले. पोरांना ओळीत उभं करून फोटो काढले, कागद वाटले आणि गेले. मशीन एकदाही चालू झालं नाही.

मला या सगळ्यांचा राग आहे. वादळाचा नाही एवढा यांचा आहे.

मग तुम्ही आलात. घाटावरून, टोळीबरोबर, रस्ता मोकळा करायला. त्या जूनच्या उकाड्यात तुमच्या पायांवर ती जाड विजार होती आणि पोरं हसत होती. तुम्ही चिडला नाहीत. विजारीच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली तर ते धागे बाहेर ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि चेन अडते, तेवढं शांतपणे सांगितलंत आणि परत कामाला लागलात.

माझा मुलगा आमच्या कुंपणाशी माड तोडत होता. डाव्या हाताची पाचही बोटं त्यानं हँडलच्या वरून ठेवली होती, अंगठ्यासकट. तुम्ही रस्त्यावरून बघितलंत. तिथून ओरडला नाहीत. स्वतःचं मशीन बंद करून खाली ठेवलंत, आत आलात, त्याचं मशीन थांबायची वाट बघितलीत. मग तुमच्या हातानं त्याचा अंगठा उचलून हँडलच्या खालून फिरवलात आणि त्याच्या मुठीवर तुमची मूठ क्षणभर दाबून धरलीत. "हा इथून हलवायचा नाही. मशीन उसळलं तर बोटं सुटतात, अंगठा सुटत नाही. हात जागेवर राहिला तरच मनगट ब्रेकवर जातं." मी ओटीवरून बघत होते. तुमची टोळी रस्त्यात खोळंबली होती, मुकादम हाका मारत होता. तरी तुम्ही त्याला परत मशीन उचलायला लावलंत, परत मूठ बघितलीत, आणि मगच गेलात.

पुढे तुमचा मुक्काम होता तोवर पोरगा कामानंतर तुमच्याकडे येऊन बसायचा. तुम्ही त्याला पुष्कळ शिकवलंत, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. पण त्याच्या अंगात काय मुरलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. दोरी ओढण्याआधी मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या हँडलमध्ये उजवा पाय. हवेत लोंबकळतं धरून तो कधी चालू करत नाही. टोकानं कापत नाही. मशीन खांद्याच्या वर नेत नाही, शिडीवर चढून तर नाहीच. त्यापायी त्याची कामं जातात. लोक दुसऱ्याला बोलावतात, दुसरा चढतो. मी त्याला एकदाही म्हटलं नाही की काम का सोडलंस. वाकून दबलेलं खोड असेल तर आधी फिरून बघतो, कुठल्या अंगाला दाब आहे, कुठल्या अंगाला ताण, आणि मग बार लावतो. माडाचं लाकूड आणि आमची वाळू, दोन्ही चेनची धार खातात, म्हणून गोल कानस त्याच्या खिशातच असते. तुमचं वाक्य तो आम्हालाच ऐकवतो, की बोथट मशीनला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ताबा जातो.

चेन सेकंदाला वीसेक मीटर पळते म्हणतात. एवढ्या वेगापुढे माणसाचा विचार पोचत नाही, हाताला लागलेली सवयच पोचते. माझ्या मुलाच्या हाताला ती तुम्ही लावलीत.

दादा, हुन्नर असलेली माणसं मी पुष्कळ बघितली. बरीचशी हुन्नर झाकून ठेवतात, पोरगं शिकलं तर उद्या आपलं गिऱ्हाईक नेईल म्हणून. काही शिकवतात, पण चारचौघांत आधी पाणउतारा करून. तुम्ही ना ओळखीचे, ना गावचे. तुम्हाला त्यातून काही मिळणार नव्हतं, उलट मुकादमाची बोलणी खावी लागली. तरी परक्या पोराचा हात तुम्ही स्वतःच्या पोराचा असावा तसा धरलात. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची पोरं संध्याकाळी घरी येतात, हे मी आता छातीठोकपणे सांगते.

एक मागणं आहे. वाडीतल्या आणखी काही पोरांनी मशिनं घेतली आहेत, त्यातल्या दोघांनी गार्ड काढलेत. मुलगा सांगतो, पण बरोबरीच्या पोराचं कोण ऐकतं? पाऊस सुरू व्हायच्या आत एक दिवस काढून याल का? एसटीचं भाडं आणि तुमची त्या दिवसाची मजुरी आम्ही देऊ, ती घ्यायलाच हवी. राहायला घर आहे. पोरांना मी जमवते, मशिनांसकट. वहिनींनाही घेऊन या.

तुमची,
श्रीवर्धनची एक बागायतदारीण