पैसे घ्यायला लागायच्या आधी एवढं वाच

बाळा,

समोर बसून बोललो असतो तर तू "हो बाबा, कळलं बाबा" म्हणत उठून गेली असतीस, म्हणून लिहितोय. परवा तू म्हणालीस की आता व्हिडिओ करायचे पैसे घ्यायचे, नाव ठरवायचं, रीतसर बिझनेस करायचा. मला खूप आनंद झाला, अगदी मनापासून. पण रात्री झोप लागली नाही, सारखी ती मेमरी कार्डाची रात्र आठवत होती.

मॅडमच्या निरोप समारंभाचं शूटिंग करून आलीस आणि दुसरंच कार्ड समजून नेमकं तेच कॅमेऱ्यात फॉरमॅट केलंस. अडीच वाजता तुझ्या खोलीत लाईट दिसला म्हणून आलो तर तू पाय वर घेऊन खुर्चीत, स्क्रीनवर रिकव्हरीची पट्टी ३७ टक्क्यांवर अडकलेली, आणि तू तिच्याकडे बघत नखं खातेयस. मला तूच समजावलंस की फॉरमॅट केल्यावर बहुतेक वेळा फाइल्स आत तशाच असतात, कुठे काय आहे त्याची यादी तेवढी जाते, वरून नवीन काही रेकॉर्ड केलं नाही तर परत मिळू शकतात, म्हणून तू कार्ड लगेच काढून बाजूला ठेवलं होतंस. बरंचसं मिळालंही. मॅडमचं भाषण मात्र अर्धंच आलं.

सकाळी तू स्वतःहून फोन लावलास. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं, त्याबद्दल माफ कर. "माझ्याकडून चूक झाली, पूर्ण भाषण माझ्याकडे नाहीये," एवढंच बोललीस, कार्ड खराब निघालं वगैरे काही नाही. त्या दिवशी मला वाटलं की ही पोरगी धंदा करू शकेल. फ्रेम छान लावणारे खूप असतात ग.

पण पैसे घेतले की तोच फोन फार जड जाईल, म्हणून तो करायची वेळच येऊ नये असं काम लाव. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या स्टोरेजवर, एक घराबाहेर, आणि तिन्ही चालवून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. तू फोर-के मध्ये १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट करतेस, म्हणजे तासाला ४५ जीबी, तीन तासांच्या कार्यक्रमाच्या तीन कॉपी केल्या की ४०० जीबी गेलेच. ही हार्ड डिस्क कुणाच्या पैशातून येणार? रेट सांगताना तू फक्त शूटिंगचे तास मोजतेस, एडिटिंगला बसतेस ते दिवस मोजतच नाहीस, बॅटरी आणि कार्ड झिजतात तेही नाही, आणि ओळखीचं कुणी असलं की त्यातूनही कमी करतेस. असं करू नकोस. अर्धे पैसे आधी, किती मिनिटांचा व्हिडिओ, कधी देणार, बदल किती वेळा करून देणार, हे सगळं लिहून घे, कारण "जरा एवढंच बदल ना" हे कधी संपत नाही. अठराच्या आतल्या मुलांनी केलेला करार बऱ्याच ठिकाणी टिकत नाही, त्यामुळे सही मी करीन, मजकूर मात्र तू लिहायचास, न समजता एकही ओळ ठेवायची नाही.

गाण्यांचं पण बघ. ॲपवर गाणं विकत घेतलं म्हणजे ते व्हिडिओला लावायचा हक्क मिळत नाही, चालीचा आणि शब्दांचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा, आणि दोन्हीची परवानगी लागते. लायसन्सवालं म्युझिक घे आणि त्याची पावती जपून ठेव. आणि आवाज! कॅमेऱ्यावरच्या माईकने हॉलमधला पंखा जास्त आणि माणूस कमी ऐकू येतो, हे मी तुला आधीही सांगितलंय. दहा लेन्सच्या याद्या करण्यापेक्षा एक बरा कॉलर माईक घे.

एक गोष्ट मात्र मनात सलतेय. हॉलीवूडचा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, त्याने १९६४ साली, १७ वर्षांचा असताना, साधारण ५०० डॉलरमध्ये आख्खा सिनेमा काढून थिएटरात तिकीट लावून एक रात्र दाखवला होता. पैसे त्यानेही लोकांकडून घेतलेच, पण सिनेमा त्याच्या स्वतःच्या डोक्यातला होता, कुणी ऑर्डर दिली म्हणून केलेला नाही. तू गेले चार महिने फक्त ऑर्डरीच करतेयस, चांगल्या करतेयस, पण आजीच्या शिलाई मशीनवरची तुझी फिल्म अकरा शॉट्सवर थांबलीय. तो सुईत दोरा ओवतानाचा शॉट, जिथे आजी चष्मा कपाळावर सरकवते आणि दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा ओवते, आणि तू मध्ये कुठेच कट केला नाहीस, तो मी किती वेळा बघितलाय तुला माहीत नाही.

तुझ्या कामांच्या तारखांमध्ये त्या फिल्मलाही एक वार दे, आणि त्या दिवशी कुणी कितीही पैसे दिले तरी काम घेऊ नकोस. मशीनच्या पायडलचा आवाज अजून नीट घ्यायचा राहिलाय ना? या रविवारी मी मोकळा आहे. माईक मी धरतो.

तुझा,
बाबा